गाण्याचा परवाना

आमच्या घरच्या जुन्या लोखंडी ट्रंकेत शेताचे उतारे आणि सोसायटीच्या पावत्या यांच्या जोडीला एक लहानसे पुस्तक आहे. पुठ्ठा मळला आहे, कडा वाळवीने चाटल्या आहेत. पण आतली तिकिटे शाबूत आहेत. हे पुस्तक म्हणजे आजोबांच्या रेडिओचा परवाना. दर साली टपाल कचेरीत जायचे, १५ रुपये भरायचे, पोस्टमास्तरांकडून पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा, आणि मग वर्षभर नभोवाणी ऐकायला आपण मोकळे! ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ही पद्धत बंद झाली. माझ्या वर्गातील मुलांना मी एकदा हे पुस्तक दाखविले, तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, ऐकायलासुद्धा परवानगी लागायची?"

लागायची. पण ऐकण्याचा परवाना ही या गोष्टीतील धाकटी पाती. थोरली पाती म्हणजे ऐकविण्याचा परवाना. गाणे हवेत सोडण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्या देशात शंभर वर्षे भिजत पडला आहे. तो सुटला असे आपल्याला दोनतीनदा वाटले, आणि दर वेळी त्याचे दुसरेच टोक वर आले. त्याचीच ही हकीकत.

सुरुवात करावी लागते ती १८८५ सालापासून. त्या वर्षी इंग्रज सरकारने तारयंत्राचा कायदा केला. तारा उभारण्याचा, राखण्याचा आणि चालविण्याचा एकमेव हक्क सरकारचा. दुसऱ्या कोणास तो हवा असेल तर सरकार देईल त्या अटींवर परवाना घ्यावा, असे त्याचे चौथे कलम सांगत होते. त्या वेळी मार्कोनी अवघा अकरा वर्षांचा होता आणि रेडिओ कोणाच्या स्वप्नातही नव्हता. पुढे 'तार' या शब्दाच्या पोटात बिनतारीही बसविण्यात आली, आणि खांबावरच्या तारेसाठी केलेला कायदा वाऱ्यावरच्या गाण्याला लागू झाला. इंग्रज गेला, पण कलम गेले नाही. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा होईपर्यंत रेडिओच्या प्रत्येक परवान्याचे मूळ त्या चौथ्या कलमातच होते.

गंमत अशी की, आपल्याकडे रेडिओ आणला तो सरकारने नव्हे, हौशी लोकांनी. १९२३ साली मुंबईच्या रेडिओ क्लबाने कार्यक्रम प्रक्षेपित केले. पुढल्याच वर्षी मद्रासेतही क्लब निघाला. १९२७ च्या जुलैत मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ही कंपनी खाजगी होती. श्रोत्याने परवान्याचे १० रुपये भरले की त्यांतले ८ तिला मिळायचे. पण रेडिओ घेणारे लोक हजारांच्या घरातच राहिले, विना परवाना ऐकणारे त्याहून पुष्कळ झाले, आणि १९३० च्या मार्चात कंपनीने दिवाळे काढले. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली आणि १९३६ साली त्या खात्याचे 'ऑल इंडिया रेडिओ' असे नामकरण केले. ब्रिटिश हद्दीत खाजगी केंद्राचा हा प्रयोग तीनच वर्षे टिकला, याची आठवण पुढे दिल्लीकरांना फार सोयीची पडली असावी असे मला नेहमी वाटते.

संस्थानांत मात्र अजून मोकळीक होती. मैसूरला डॉ. गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३५ साली स्वतःच्या राहत्या घरात लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले आणि त्याला 'आकाशवाणी' असे नाव दिले. एका प्राध्यापकाने घरच्या केंद्राला दिलेले नाव पुढे साऱ्या देशाच्या सरकारी नभोवाणीने उचलले. नाव घेतले, घरात केंद्र काढण्याची मुभा मात्र कोणास राहिली नाही.

या कायद्याचे दात किती तीक्ष्ण आहेत हे मुंबईने १९४२ साली पाहिले. ऑगस्टात पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती यांनी तो चालविला. पोलिसांच्या शोधगाड्या माग काढीत, म्हणून यंत्र आज या जागेत तर उद्या त्या, असे फिरते ठेवावे लागे. नोव्हेंबरात धाड पडली. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यास भोगली. या देशात स्वतंत्र केंद्र चालविण्याचा मान कोणाचा, असे कोणी विचारले तर मी हे नाव सांगेन. मात्र स्वराज्य आल्यावर आपल्याच सरकारने तो कायदा जसाच्या तसा उचलला, हेही त्याबरोबरच सांगावे लागते.

आता आपण डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे येऊ. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे नभोवाणी खाते या मराठी गृहस्थांकडे होते. आज त्यांचे नाव निघाले की लोक हसतात. सिनेमाची गाणी बंद करणारा मंत्री म्हणून ते इतिहासात जमा झाले आहेत. मला मात्र त्यांच्याबद्दल थोडे बरे बोलावेसे वाटते. देशातील अभिजात संगीताचे आश्रयदाते राजेरजवाडे नाहीसे होत होते. ती जागा सरकारी नभोवाणीने घ्यावी, असे केसकरांचे म्हणणे होते आणि तसे त्यांनी केलेही. १९५२ साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्या घरात कधी तंबोरा वाजला नव्हता त्या घरात आठवड्यातून एकदा ख्याल ऐकू येऊ लागला. गवयांना, वादकांना नियमाने पैसे मिळू लागले.

पण चांगले गाणे ऐकवीन एवढ्यावर हे थांबले नाही. वाईट गाणे ऐकू देणार नाही, अशी त्याला जोड मिळाली. सिनेमाच्या गाण्यांचा वेळ आखडला. गाण्याआधी चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे जाहिरात, म्हणून तेही वगळले. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. असे व्हायला सिनेमाच लागतो असेही नाही. बिचाऱ्या पेटीचा तर गाण्याशी वैर धरण्याचा काहीच इतिहास नव्हता. तरी १९४० साली नभोवाणीवर तिला बंदी झाली, आणि केसकर आले तसे गेले तरी ती पुढे १९७१ च्या सुमारापर्यंत चालू राहिली. ज्या महाराष्ट्रात कीर्तनापासून नाटकापर्यंत पेटीवाचून पान हालत नाही, तिथल्या केंद्रांनीही ती मुकाट्याने पाळली. एकाच हाती सगळ्या चाव्या असल्या म्हणजे अशी एखादी लहर तीस वर्षे टिकू शकते.

श्रोत्यांनी काय केले? सभा घेतल्या नाहीत, मोर्चे काढले नाहीत. त्यांनी रेडिओची सुई फिरविली. महायुद्धाच्या काळात इंग्रजी सैन्यासाठी लंकेत एक दांडगे लघुलहरी यंत्र बसविले होते. युद्धानंतर ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. त्यावर त्यांचा व्यापारी विभाग सुरू झाला आणि १९५२ च्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी कार्यक्रम मुंबईस ध्वनिमुद्रित करायचे, फिती विमानाने कोलंबोस जायच्या, आणि तेथून गाणी समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईस, आमच्या गावास, पार हिमालयापर्यंत यायची. गाणे मुंबईचे, गाणारी मुंबईची, जाहिरातीचे पैसे मुंबईचे. परवाना तेवढा लंकेचा. आजोबा सांगत की, बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या ओसरीवर तीस-चाळीस माणूस जमे. आवाज लाटेसारखा वर येई आणि बुडे. बुडाला की सगळे माना पुढे करीत. १९५७ साली आकाशवाणीने विविध भारती काढली, ती पराभव मान्य करूनच. पुढे १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या.

इथे वाचक म्हणतील, म्हणजे सरकारी मक्तेदारी वाईट आणि खुला बाजार चांगला, एवढेच तुमचे सांगणे. तसे नाही. १९५५ सालच्या एक एप्रिलला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड यांची, शब्द माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दर आठवड्यास एक अशी छप्पन गाणी वर्षभर चालली. दर आठवड्याला नवे काव्य, नवी चाल, मोठमोठे गायक, आणि एका पैशाची जाहिरात नाही. हे धाडस कोणत्या व्यापारी केंद्राने केले असते? मी पुष्कळ विचार केला. मला एकही नाव सुचत नाही. आणि हेही केसकरांच्याच कारकिर्दीत घडले.

परवान्याची गाठ सुटायला नव्वदचे दशक उजाडावे लागले. १९९३ साली आकाशवाणीने मुंबई आणि दिल्ली येथील आपल्या एफ. एम. केंद्रांवरील काही तास खाजगी कंपन्यांना विकावयास काढले. घर सरकारचे, भाडेकरू खाजगी. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण न्या. पी. बी. सावंत आणि त्यांचे सहकारी यांनी मुळालाच हात घातला. हवेतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. ती सरकारच्या मक्तेदारीची नाही आणि कोणा धनिकाच्याही नाही. तिचे नियमन करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमावे, असे त्यांनी सांगितले.

मंडळाच्या आधी लिलाव आला. १९९९ साली ४० शहरांतील १०८ केंद्रे बोलीवर काढण्यात आली. बोली लावायची ती वर्षाच्या परवानाशुल्काची, आणि ते शुल्क दर साली १५ टक्क्यांनी वाढत जायचे. मी हे गणित आठवीच्या वर्गाला घातले होते. पहिल्या वर्षी शंभर रुपये असतील तर दहाव्या वर्षी किती? उत्तर साडेतीनशेच्या वर येते. बोली बोलताना ज्यांनी हे गणित केले नाही, ते निकालानंतर पळाले. १०८ पैकी अवघी २१ केंद्रे, १२ शहरांत, प्रत्यक्ष सुरू झाली. त्यांतले पहिले २००१ च्या जुलैत बंगलोरला बोलू लागले. चालू झालेलीही लवकरच कर्जाने वाकली. शेवटी २००५ साली नियम सैल झाले. सुरुवातीस एकदाच प्रवेशशुल्क आणि पुढे उत्पन्नाचे चार टक्के, असा सुटसुटीत हिशेब आला. मग मात्र कोल्हापूर, नाशिक, सोलापूर, सांगली अशा गावीही केंद्रे निघाली. ही सैलावलेली गाठ फायद्याची ठरली, हे कबूल केले पाहिजे.

मग गाणी का नाही बदलली? सुई कोठेही नेली तरी तीच वीस-पंचवीस गाणी, हा अनुभव तुमचाही असेल. निवेदकांच्या अभिरुचीला दोष देणे सोपे आहे. पण माझ्या मते दोष परवान्याच्या रचनेत आहे. पुन्हा एक गणित घ्या. एका गावात शंभर श्रोते आहेत. सत्तरांना सिनेमाची नवी गाणी हवीत, पंधरांना नाट्यसंगीत आणि पंधरांना लोकगीते. पहिले केंद्र अर्थात सत्तरांमागे जाईल. दुसरे? त्याला नाट्यसंगीतावर पंधरा श्रोते मिळतील, सिनेमावर निम्मे म्हणजे पस्तीस. तेही सिनेमाकडेच जाईल. तिसरेही, चौथेही, कारण सत्तरांचे चार वाटे केले तरी साडेसतरा होतात, आणि ते पंधरापेक्षा अधिक. पाचव्या केंद्राला कोठे नाट्यसंगीत परवडेल. आता हीच केंद्रे एकाच मालकाची असती, तर त्याने दुसऱ्यावरच नाट्यसंगीत लावले असते; आपलेच गिऱ्हाईक आपणच का वाटून घ्यावे? पण २००५ च्या नियमाने एका मालकाला एका शहरात एकच केंद्र दिले. हेतू चांगला होता, मक्तेदारी होऊ नये हा. परिणाम मात्र असा की प्रत्येक जण मध्यावर गर्दी करून उभा राहिला.

बरे, केंद्रांची संख्याच इतकी वाढवावी की पाचवे, दहावे, विसावे निघेल. तर तेही नाही. दोन केंद्रांमध्ये ८०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याचा आपला नियम. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा जागा होतात पंचवीस, आणि त्यांतल्या काही सरकारच्या, काही राखीव. जागा थोड्या म्हणून भाव मोठा. भाव मोठा म्हणून जाहिरातदाराची मर्जी मोठी. बातम्या देण्यास खाजगी केंद्रांना बंदी, तेव्हा उरले काय? गाणी आणि गप्पा.

हे गणित मला एका संध्याकाळी माणसाच्या रूपाने दिसले. आमच्या गावी एक गोंधळी आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे वडील आकाशवाणीची स्वरपरीक्षा उतरले होते. वर्षातून दोनदा पत्र यायचे, संबळ बांधून ते एस. टी. ने केंद्रावर जायचे, आणि पुढे धनादेश यायचा. तो वटविण्यापूर्वी ते साऱ्या आळीला दाखवीत. जिल्ह्याच्या गावी नवे खाजगी केंद्र निघाले तेव्हा नाना मला म्हणाले, "गुरुजी, आता दोनदा कशाला, रोजच जाऊ की!" आम्ही दोघे गेलो. केंद्राचे नाव मी सांगत नाही. तिथला मुलगा अत्यंत सभ्य होता. त्याने चहा मागविला, नानांची ध्वनिफीत अर्धी ऐकली, मान डोलावली, आणि संगणकाच्या पडद्यावरची एक यादी दाखविली. "सर, दिवसाची सगळी गाणी ही यादीच ठरवते. ती वरून येते. यात लोकगीताचा रकानाच नाही. मी तरी काय करू?"

येताना नाना बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "आमच्या बाला नापास तरी करता आलं असतं. मला त्यांनी परीक्षेलाच बसवलं नाही."

या वाक्याशी मी फार दिवस अडखळलो. जुनी व्यवस्था माणसाला नाकारायची. नवीत त्याच्यासाठी रकाना नाही.

पुन्हा एकदा सिलोनसारखेच झाले, तेही सांगितले पाहिजे. मधल्या दशकभर 'वर्ल्डस्पेस' नावाची एक परदेशी कंपनी उपग्रहावरून गाणी सोडीत असे. वेगळे यंत्र घ्यायचे, वर्गणी भरायची. तिच्यावर हिंदुस्थानी संगीताची 'गंधर्व', कर्नाटक संगीताची 'श्रुती' अशा स्वतंत्र वाहिन्या चोवीस तास चालत. जमिनीवरच्या कोणत्याही खाजगी केंद्राला जे परवडत नव्हते ते आकाशातून येत होते. २००९ च्या अखेरीस कंपनी बुडाली आणि ती यंत्रे मुकी झाली. आता इंटरनेटवर कोणीही केंद्र काढावे, लहरींचा परवाना लागत नाही, असे तरुण मंडळी मला सांगतात. खरे आहे. पण त्यासाठी ऐकणाऱ्यानेच शोधत जावे लागते. सुई फिरवता फिरवता नाना कोणाला सापडणार नाहीत.

बिहारात वैशाली जिल्ह्यातील मन्सूरपूरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने घरच्या घरी यंत्र जोडले, बांबूवर तार चढविली आणि गावाला गाणी, हरवल्या-सापडल्याच्या वार्ता ऐकवायला सुरुवात केली. परवाना काढावा लागतो हे त्याला ठाऊकच नव्हते. २००६ साली सरकारने ते केंद्र बंद केले. कायदा तोच, १८८५ चा. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने दुसरे दार उघडले, हा योगायोग मोठा विलक्षण. २००२ पासून शिक्षणसंस्थांना लहान केंद्रे काढता येत होती. आता सामाजिक संस्थांनाही मुभा मिळाली. पन्नास वॉटचे यंत्र, दहा-पंधरा किलोमीटरांचा टापू, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक, नफा करायचा नाही. लिलाव नाही, हे सगळ्यांत महत्त्वाचे.

२००८ च्या ऑक्टोबरात तेलंगणातील माचनूर येथे दलित शेतकरी बायांनी चालविलेले संगम रेडिओ सुरू झाले. त्याच वर्षी आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी निघाली. देशात आज अशी केंद्रे पाचशेच्या आसपास आहेत. एवढ्या मोठ्या देशाला ही किती पुरी पडणार? तरीही जे काम लिलावाने दहा वर्षांत केले नाही ते या पन्नास वॉटांनी केले: तिथे दळणाच्या ओव्या म्हणणाऱ्या बाईला 'रकाना नाही' असे कोणी सांगत नाही.

मी नियमांचे कागद मागविले. व्यक्तीला परवाना मिळत नाही, राजकीय पक्षाला नाही, व्यापाऱ्याला नाही, संस्थेलाच मिळतो. आमच्या शाळेच्या चालकांना विचारले, तर यंत्राचा खर्च ऐकून त्यांनी हात जोडले. गावात दुसरी संस्था म्हणजे भजनी मंडळ. ते सत्तर वर्षे चालू आहे, पण त्याची नोंदणी कधी झाली नव्हती, आणि अर्जाच्या वेळी संस्था नोंदवून तीन वर्षे झालेली असावी लागतात. मागच्या आषाढात आम्ही ती नोंदणी केली. दाखला मी ट्रंकेत, आजोबांच्या पुस्तकाखाली ठेवला आहे. नाना दर एकादशीला विचारतात, "गुरुजी, किती राहिले?" त्यांचे वय एकाहत्तर आहे. मी सांगतो, "दोन आषाढ, नाना."